वाचकांचे प्रश्न : जिल्हा परिषदेची शाळा आणि शिक्षकाची नोकरी

या महिन्यात सदराकडे आलेली बहुतेक पत्रे मराठवाड्यातील जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांची आहेत. परभणी आणि बीड या दोन जिल्ह्यांत मिळून ३३ वर्षे नोकरी करून मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाची पर्यवेक्षक, म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे ही पत्रे वाचताना अनेक ठिकाणी माझीच जुनी वर्षे समोर आली. पत्रलेखकांची आणि शाळांची नावे दिलेली नाहीत. फक्त तालुका दिला आहे.

प्रश्न : आदरणीय बाई, मी किनवट तालुक्यातील एका तांड्यावरच्या शाळेत शिक्षणसेवक आहे. माझे गाव लातूर जिल्ह्यात आहे. पहिलीच्या १४ लेकरांपैकी ११ जण घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात आणि माझे मराठी त्यांना कळत नाही. मानधन १६,००० रुपये आहे. खोलीचे भाडे, जेवण आणि पेट्रोल यांतच ते संपते. माझ्याबरोबरचे मित्र दुसऱ्या स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात, आणि संध्याकाळी मीही तीच पुस्तके उघडून बसतो. येथे थांबावे की निघावे?

उत्तर : मानधनाचे आधी बोलू, कारण पोटाचा प्रश्न बाजूला ठेवून कोणालाही उपदेश करू नये, असे मला मनापासून वाटते. शिक्षणसेवक योजना २००० साली सुरू झाली. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला २०२२ च्या अखेरीपर्यंत महिना ६,००० रुपयेच मिळत होते. जानेवारी २०२३ पासून ते १६,००० झाले. घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला आजही ते अपुरेच आहे आणि ते वाढावे ही मागणी रास्त आहे. मात्र शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायचा हा काळ तीन वर्षांचा आहे. तो समाधानकारक पार पडला की नियमित वेतनश्रेणी लागू होते, तिचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. तेव्हा पैशासाठीच निघायचे असेल, तर चालू महिन्याच्या हिशेबावर नव्हे, चौथ्या वर्षीच्या हिशेबावर निर्णय घ्या.

आता तांड्याविषयी. १९८७ साली माझी पहिली नेमणूक जिंतूर तालुक्यातील एका तांड्यावर झाली. पहिलीच्या वर्गात भिंतीवर चित्रांचा तक्ता होता. एका मुलीला मी भाकरीचे चित्र दाखवून "हे काय आहे?" असे विचारले. ती म्हणाली, "बाटी." मी म्हणाले, "चूक. भाकरी म्हण." त्यानंतर दिवाळीची सुट्टी होऊन शाळा भरेपर्यंत ती मुलगी वर्गात एक शब्दही बोलली नाही. तिला काही येत नाही, असे मी मनाशी ठरवूनही टाकले होते. शेवटी चौथीतल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत मला सांगितले, "बाई, ती बरोबरच सांगत होती. आमच्यात भाकरीला बाटीच म्हणतात." दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले आणि मोठ्याने वाचले. ती मुलगी जागेवरून उठली, फळ्यापाशी आली आणि "बाटी" या शब्दावर बोट ठेवून उभी राहिली. "ब" हे तिचे पहिले अक्षर ठरले, आणि ते पुस्तकातून नव्हे, तिच्या घरच्या चुलीवरून आले. त्या लेकराचे चार महिने माझ्यामुळे वाया गेले, याची टोचणी मला अजून आहे.

म्हणून तुम्हाला माझे सांगणे असे की पहिले दोन महिने पुस्तकाची घाई करू नका. तिसरी-चौथीच्या मुलांना दुभाषी करा. त्यांना त्याचा अभिमान वाटतो. आईला याडी म्हणतात इथपासून सुरुवात करून रोज पाच शब्द तुम्ही मुलांकडून शिका, ते वहीत उतरवा आणि त्यांच्याच समोर वाचून दाखवा. तुमचे उच्चार चुकले की ती हसतील. हसू द्या, कारण चुकणाऱ्या गुरुजींसमोर चुकायला लेकरे घाबरत नाहीत. होळीच्या दिवसांत त्यांची लेंगी गाणी म्हणून घ्या आणि देवनागरीत फळ्यावर लिहा. हे नियमाबाहेरचे काही नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये, जेथे शक्य असेल तेथे मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे, असे स्पष्ट म्हटले आहे.

एखाद्या रविवारी तांड्याच्या नाईकांना आणि कारभाऱ्यांना घरी जाऊन भेटा, आणि जाताना काही मागण्यासाठी जाऊ नका. तांडा शिक्षकाला फार बारकाईने पाहत असतो. गाडी किती वाजता येते आणि किती वाजता जाते, हे तेथील म्हाताऱ्या बायकाही सांगू शकतात.

संध्याकाळी दुसरी पुस्तके उघडण्यात अपराध नाही. फक्त ती शाळेच्या वेळेत टेबलावर येऊ देऊ नका. वर्षभर असे करून पाहा. मे महिन्यात पहिलीच्या त्या ११ पैकी किती लेकरे तुमच्याशी मोकळेपणी बोलतात ते मोजा, आणि मगच थांबायचे की निघायचे ते ठरवा.

प्रश्न : परतूर तालुक्यातील आमची शाळा दोनशिक्षकी आहे. पहिली ते चौथीची ५२ मुले आहेत आणि माझ्याकडे प्रभारी मुख्याध्यापकाचा कार्यभार आहे. पोषण आहाराच्या नोंदी, आधार, यू-डायस (शाळेची ऑनलाइन माहिती), निरनिराळ्या लिंक भरणे, उपक्रमांचे फोटो पाठवणे यांत माझा अर्धा दिवस जातो. कायद्याने यातून काही सुटका आहे का?

उत्तर : पूर्ण सुटका नाही, परंतु आधार आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकाला देता येतात. तुम्ही लिहिलेली बहुतेक कामे मात्र शाळेच्या कारभाराची म्हणून येतात, त्यामुळे ती या कलमाच्या कचाट्यात सापडत नाहीत. दोनशिक्षकी शाळेला खरी खीळ बसते ती तेथेच. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, असे कायद्याच्या अनुसूचीत आहे. चार वर्ग, दोन माणसे आणि त्यांतला एक कारकून, ही परिस्थिती ती अनुसूची लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी.

त्याच अनुसूचीतला दुसरा आकडा मात्र तुम्ही भिंतीवर लिहून ठेवावा, असे मी सुचवते. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापनाचे तास द्यावे लागतात. म्हणजे दिवसाला चार तास. हे चार तास लेकरांच्या मालकीचे आहेत, आणि त्यांना हात न लावता बाकीची कामे कशी बसवायची, एवढाच आपला प्रश्न असतो. माझ्या केंद्रातील एका शाळेने एक साधी गोष्ट केली होती : परिपाठापासून मधल्या सुट्टीपर्यंत दोन्ही शिक्षकांचे फोन कपाटात, आणि माहिती भरण्याचे काम शाळा सुटल्यावरच. तातडीची माहिती मागणारा फोन आला नाही असे नाही. पण तिसऱ्या महिन्यात कार्यालयालाही त्या शाळेची वेळ कळली. तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीत असा ठराव घ्या. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे तो ठराव गुरुजींची तक्रार न राहता गावाची मागणी ठरतो. कोणत्या दिवशी कोणत्या कामासाठी अध्यापनाचा किती वेळ गेला, याची महिनाभर नोंद ठेवा आणि ती ठरावाला जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. तोंडी गाऱ्हाण्यापेक्षा तारीखवार नोंदीला उत्तर देणे कार्यालयाला भाग पडते.

प्रश्न : मी धारूर तालुक्यात सहशिक्षिका आहे. दिवाळी झाली की वर्ग ओस पडतो. माझ्या तिसरीच्या पटावर ३१ नावे आहेत आणि सध्या ९ लेकरे बसतात. बाकीची आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली आहेत. ती फाल्गुन-चैत्रात परत येतात तेव्हा वाचन विसरलेली असतात. आम्ही दरवर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. याला काही इलाज आहे का?

उत्तर : बाई, तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले. माझ्या नोकरीची शेवटची १६ वर्षे अशाच गावांत गेली. वर ज्या ८०० तासांविषयी लिहिले, त्यांतले निम्मे तुमच्या २२ लेकरांचे उसाच्या फडात जातात. आणि यात आईवडिलांना दोष देता येत नाही. दसऱ्याच्या आधीच मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ऊसतोडीत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि दोघेही गेल्यावर लेकरू ठेवायचे कोणाजवळ, हा प्रश्न त्यांच्यापुढे असतो. ज्या घरात धडधाकट आजी असते त्या घरचे लेकरू शाळेत राहते, असे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

म्हणून काम दिवाळीनंतर नव्हे, भाद्रपदातच सुरू करावे लागते. वर्गातल्या प्रत्येक लेकराच्या घरी जाऊन तीन गोष्टी लिहून घ्या : आईवडील यंदा जाणार का, कोणत्या भागात जाणार, आणि मागे राहणारे वडीलधारे कोण आहे. या यादीवरूनच हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत करता येतो. या सोयीत मूल गावातच आजीआजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहते आणि त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची व्यवस्था होते. दुपारचे जेवण शाळेत असतेच. प्रस्ताव उशिरा गेला की मंजुरी उशिरा येते, आणि तोवर ट्रक निघून गेलेला असतो. मुलींच्या बाबतीत आई धास्तावलेली असते, आणि तिची धास्ती खरी असते. संध्याकाळी मुली कोणाच्या नजरेखाली राहतील हे तिला नावानिशी सांगता आले, तरच ती तयार होते. गावातली विश्वासाची बाई त्यासाठी आधीच ठरवून ठेवा.

जी लेकरे जाणारच, त्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्या, आणि पालकांना एवढेच सांगा की कारखान्याजवळच्या गावातील शाळेने दाखल्याअभावी लेकराला परत पाठवायचे नाही, हा कायदा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये तसे स्पष्ट आहे. पोचल्यावर कोणत्या गावाजवळ कोपी (राहण्याची झोपडी) पडली ते फोनवर विचारा आणि तेथील शिक्षकाशी स्वतः बोला. अनोळखी पालकाने जाऊन विनंती करणे आणि एका शिक्षकाने दुसऱ्याला फोन करणे, यांत फार अंतर पडते.

परत आल्यावर "विसरली" हा शब्द मात्र जपून वापरा. एका वर्षी चैत्रात परतलेल्या तिसरीच्या एका मुलीला मी पाटीवर वजाबाकी घातली. तिला ती जमली नाही. मग सहज विचारले, "गाडीत किती मोळ्या बसतात गं?" ती घडाघडा बोलायला लागली : आईने किती बांधल्या, बापाने किती, दुपारपर्यंत किती झाल्या आणि अंधार पडायच्या आत किती उरल्या होत्या. ती वजाबाकीच सांगत होती, आणि हातच्याची सांगत होती. तिच्या तळहातांवर पाचटाने चिरलेल्या रेघा होत्या आणि त्यांतच पाटीवरची पेन्सिल धरून तिने ते आकडे माझ्यासमोर मांडले. पाच महिने ती आकडेमोडीतच वावरली होती. पाटीवरची खूण तेवढी निसटली होती. तेव्हापासून परतलेल्या लेकरांना आम्ही पहिला आठवडा फक्त बोलते करायचो, त्यांनी सांगितलेले लिहून घ्यायचो, आणि तोच मजकूर त्यांचा वाचनाचा धडा व्हायचा. स्वतःच्या तोंडचे वाक्य लेकरू फार लवकर वाचते. पहिल्यापासून सुरुवात करण्याऐवजी हे करून पाहा. मे महिन्यापर्यंत सगळी भरपाई होत नाही, परंतु जूनमध्ये ती लेकरे चौथीत मान वर करून बसतात.

प्रश्न : मी औसा तालुक्यातील आहे. बारावीनंतर डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका करत आहे. जिल्हा परिषदेत शिक्षिका होण्यासाठी पुढे नेमके काय काय करावे लागते? बी.एड. केलेले बरे का?

उत्तर : पहिली ते पाचवीला शिकवायचे असेल तर डी.एल.एड. हीच योग्य वाट आहे. त्या वर्गांसाठी बी.एड. चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. पदविकेनंतर शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटी) पहिला पेपर किंवा केंद्राची सीटीईटी उत्तीर्ण व्हावे लागते. त्यानंतर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी असते : २०० गुण, त्यांत अभियोग्यतेचे १२० आणि बुद्धिमत्तेचे ८०. तिच्या गुणांवर शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमार्फत निवड होते. एक गोष्ट धरूनच चाला, की ही चाचणी दरवर्षी होत नाही. ती २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. मधल्या काळात हाती काही काम असू द्या, आणि जमल्यास ते लेकरांमधलेच असू द्या.

प्रश्न : मी वसमत तालुक्यात २००३ पासून प्राथमिक शिक्षिका आहे, वय ४६. आता आम्हालाही टीईटी उत्तीर्ण व्हावी लागणार म्हणतात. २२ वर्षे शिकवल्यानंतर पुन्हा पात्रता सिद्ध करायची, हा अपमान वाटतो. आणि इंग्रजीची तर भीतीच वाटते. काय करावे?

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेला निकाल असा आहे : ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरला आहे, अशा सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे, ज्यांचा काळ पाच वर्षांहून कमी आहे त्यांना निवृत्तीपर्यंत राहता येईल, परंतु पदोन्नती हवी असेल तर परीक्षा द्यावीच लागेल. आपले निवृत्तीचे वय ५८ असल्यामुळे तुम्ही पहिल्या गटात येता.

तुम्हाला वाटणारे दुःख मला पूर्ण समजते. तुमची नेमणूक झाली तेव्हा ही अट अस्तित्वातच नव्हती. ती २०१० च्या अधिसूचनेने आली. ज्या अटींवर माणसाला कामावर घेतले त्या दोन दशकांनंतर बदलाव्यात का, हा प्रश्न संघटनांनी लढवावा, आणि तो लढवण्याजोगा आहे. पण त्या लढ्याच्या भरवशावर पुस्तक मिटून ठेवू नका.

पहिल्या पेपरात १५० प्रश्न असतात : बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३०. वेळ अडीच तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. आरक्षित प्रवर्गांना ५५ टक्के. गणित आणि परिसर अभ्यास तुम्ही रोज शिकवता. पियाजे आणि वायगॉट्स्की ही मानसशास्त्रज्ञांची नावे परकी वाटली, तरी त्यांनी जे सांगितले ते तुम्ही वर्गात रोज पाहता. प्रत्येक संकल्पनेपुढे आपल्या वर्गातल्या एका लेकराचे उदाहरण लिहिले की ती लक्षात राहते. इंग्रजीसाठी जाडजूड मार्गदर्शक घेण्याआधी पाचवी ते आठवीची पाठ्यपुस्तके क्रमाने वाचून काढा. रोज पहाटे एक तास पुरेसा आहे. केंद्रातल्या चारपाच शिक्षिकांनी रविवारी एकत्र बसून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या तर अवघडलेपणही जाईल. वर्गातल्या लेकरांना तुम्ही परीक्षेला बसणार आहात हे जरूर सांगा. तुम्ही चुकलेली उत्तरे पुन्हा सोडवता, हे त्यांना दिसू द्या.

प्रश्न : मी भूम तालुक्यात अवघड क्षेत्रातील एका वाडीवर आठ वर्षे आहे. माझ्या पत्नीची शाळा याच जिल्ह्यात, परंतु ७० किलोमीटरवर आहे. यंदा बदली मागावी असे घरचे म्हणतात. वाडीवरचे लोक सोडायला तयार नाहीत आणि माझाही पाय निघत नाही. सोडून गेलो तर चुकेल का?

उत्तर : गुरुजी, अजिबात चुकणार नाही. पतीपत्नींच्या शाळांमध्ये ३० किलोमीटरहून अधिक अंतर असेल तर ऑनलाइन बदल्यांमध्ये विशेष संवर्ग भाग २ मधून अर्ज करता येतो, आणि ही सोय तुमच्यासारख्यांसाठीच आहे. आठ वर्षे अवघड क्षेत्रात काढलेल्या माणसाने स्वतःच्या लेकरांजवळ राहावे, यात वाडीचा विश्वासघात नाही. आंतरजिल्हा बदलीत नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता तळाला जाते. तुमची बदली जिल्ह्यातल्या जिल्ह्यात असल्यामुळे तेही नुकसान नाही. शाळांचा पसंतीक्रम भरताना मात्र दोघांनी नकाशा समोर ठेवून भरा. घाईत भरलेल्या क्रमामुळे एकमेकांपासून आणखी दूर गेलेली जोडपी मी पाहिली आहेत.

वाडीसाठी एक काम करून जा. एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक लेकरासाठी एक पान लिहा : काय वाचता येते, कुठे अडते, कोणाशेजारी बसवले की बोलते, कोणाच्या वडिलांना फोन दुपारीच लागतो, कोणाला कमी ऐकू येत असल्यामुळे पुढे बसवावे लागते. येणाऱ्या शिक्षकाला हे समजायला एरवी एक सत्र लागते, आणि तोवर लेकरांचे तास निघून जातात. कार्यभार देताना पटनोंदणी, साहित्य नोंदवही आणि किल्ल्यांबरोबर ती वही नव्या गुरुजींच्या हातात द्या, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांना एकदा फोन करा.